पाइपाच्या तोंडाला हार

"अजून वर घे. अजून. तोंडाशी आला पाहिजे, गळ्याशी नव्हे," बाई शिडीवरून म्हणाल्या, आणि मी खाली उभी राहून झेंडूच्या हाराचं दुसरं टोक वर सरकवत राहिले.

खंडेनवमीची सकाळ होती. हेरवाडकर बाई, म्हणजे डॉ. सुमित्रा हेरवाडकर, माझ्या गाइड. निवृत्ती दोन-तीन वर्षांवर आलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, पण शिडीवर मला चढू देतील तर शपथ. वर्षभर सगळी यंत्रं माझ्या हवाली असत. खंडेनवमीचा हार मात्र त्या स्वतःच घालत. त्यांचे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे होते, तिथली ही रीत.

"दादा सांगायचे, यंत्र जिथनं खातं तिथं हार घालावा," त्या सुतळीची गाठ मारत म्हणाल्या. "मागाला घालायचा तर सुताच्या बाजूनं, कापडाच्या बाजूनं नव्हे. देणाऱ्या हाताला कोणीही ओवाळतं, खाणाऱ्या तोंडाकडं बघावं म्हणायचे."

"मग आपल्या यंत्राचं तोंड गंध लावण्याएवढंच आहे बाई, त्याला एवढा हातभर हार?"

"तू खाली धर गप," त्या म्हणाल्या. हार पाइपाच्या तोंडाभोवती दोन वेढे घेऊन मस्त बसला. मग हळदकुंकू झालं, नारळ फुटला, आणि आमची पूजा आटोपली.

आता ही काय भानगड होती ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. धामणीच्या सड्यावर आमचं दोन खोल्यांचं स्टेशन होतं. तिन्ही बाजूंनी जंगल, अंजनी, जांभूळ, हिरडा, आणि पश्चिमेला खोल दरी उतरत उतरत कोकणात गेलेली. जंगलाला वास असतो हे कुणालाही ठाऊक आहे. तो वास म्हणजे पानाफुलांनी सोडलेली वाफच. ती हवेत आली की तिला ओझोन भेटतो, ऊन भेटतं, ती प्राणवायू अंगाला लावून घेते आणि जड, चिकट होते. मग तिला मोकळं तरंगणं जमत नाही, ती कुठंतरी टेकायला बघते. हवेत धुराचा किंवा धुळीचा कण असला तर त्यावर बसते आणि कण फुगतो. इथवर सगळ्या शास्त्रज्ञांचं एकमत.

भांडण पुढं होतं. हवेत कणच नसला तर? बाई म्हणत, त्या चिकट वाफा एकमेकींनाच बिलगतात आणि त्यातून नवा कोरा कण जन्माला येतो. डॉ. माधव देवस्थळी म्हणत, अशक्य. पहिला कण जन्मायला गंधकाचा धूर लागतोच. गिरण्यांचा, बोटींचा, ज्वालामुखीचा, कुठलाही असो, पण गंधक हवं. तुमची वाफ नंतर येते, पान वाढलं की पंगतीला बसते. दोघं वीस-बावीस वर्षं भांडत होते, परिषदांमध्ये, एकमेकांच्या पेपरांवर, एकदा तर विमानतळावर सामानाच्या रांगेत.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कणासाठी एवढं काय? मी पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं. बाईंनी मला बाहेर नेलं आणि दरीतून वर येणारा ढग दाखवला. "त्यातला एकेक थेंब एकेका कणावर बसलाय," त्या म्हणाल्या. "कणाशिवाय थेंब धरत नाही. माणसानं चूल पेटवली नव्हती तेव्हाही ढग होतेच की. ते कशावर बसत होते? निम्मे तरी या झाडांनी घडवले असतील, असं मला वाटतं. ते मला दाखवायचंय." मी जावळीची, लहानपणापासून ढगातूनच शाळेत गेलेली. पण ढगाबद्दल असं कुणी बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याच दिवशी या बाईंना सोडायचं नाही असं ठरवून टाकलं.

त्यासाठीच ती पिशवी होती. अंगणात लोखंडी सांगाड्यावर टांगलेली, खोलीएवढी, आरपार पारदर्शक. पाइपातून जंगलाची हवा आत घ्यायची. वाटेत गाळणी होती, ती सगळे जुने कण अडवायची आणि फक्त वाफ आत सोडायची. म्हणजे पिशवीत कण शून्य. मग उन्हात ठेवून बघत बसायचं. आत कण दिसलाच तर तो तिथंच जन्मलेला, बाहेरून आलेला नव्हे.

पिशवी आदल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर बसवली, आणि काय सांगू, दसऱ्यानंतर चमत्कार झाला. कण नुसते उधळले. आधी अगदी बारीक, मग तासातासाला मोठे होत गेलेले. पडद्यावर त्याचं चित्र केळ्यासारखं वर वळलेलं दिसतं, आम्ही त्याला केळंच म्हणायचो. रोज केळं यायचं. दिवाळीकडे बारीक होत होत थांबलं. बाईंनी कारण मांडलं, की पावसानं हवा धुतलेली, ऑक्टोबरचं ऊन कडक, जंगल घामेजून वाफा सोडतंय, पुढं थंडी आली की थांबतंय. पटण्यासारखंच होतं. पेपर लिहिला, परदेशातल्या मोठ्या नियतकालिकानं स्वीकारला, छापून यायचा तेवढा बाकी होता.

आणि नेमकं त्याच वेळी स्टेशनावर गदा आली. पैसे देणाऱ्या खात्यानं कमिटी नेमली. जंगलात बसून वीस वर्षांत काही हाती लागलं नाही, तर यंत्रं शहरात हलवावीत, तिथं धूर तरी आहे, असा विचार होता. कमिटीचे अध्यक्ष कोण, तर डॉ. देवस्थळी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते येणार होते. त्यांच्या डोळ्यांसमोर पिशवीत कण जन्मले तर स्टेशन राहणार, नाहीतर महिनाभरात ट्रक येऊन सगळं घेऊन जाणार. इतकं ते साधं होतं.

कमिटीत तिघं होते. दोघांना घाटात गाडी लागली आणि ते खालच्या विश्रामगृहातच आडवे झाले. वर एकटे देवस्थळी आले. उंच, किरकोळ, पांढऱ्या भुवया, हातात काठी. मला वाटलं होतं खाष्ट म्हातारा असेल. आले ते पहिल्यांदा पाणी मागून गटागटा प्यायले आणि म्हणाले, "सुमित्राबाई, तुमचं जंगल सुंदर आहे. उगाच त्याच्यावर नको ते आरोप करता."

"या, बघा आणि मग बोला," बाई म्हणाल्या.

त्यांनी सगळं बारकाईनं पाहिलं. गाळणी उघडायला लावली. गंधकाचा धूर मोजणारं यंत्र बघितलं. वारा समुद्राकडून येत होता, आकडा शून्याशी झोपलेला. मग शिडीच्या दोन पायऱ्या चढून, हाताने हार बाजूला सारून पाइपाच्या तोंडात डोकावले. "यंत्राची पूजा करता वाटतं?"

"वडिलांची रीत आहे," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे टंकलेखन यंत्राला घालायचे," ते म्हणाले, आणि उतरले.

सकाळी भरलेली पिशवी उन्हात चमकत होती. आम्ही तिघं आत पडद्यासमोर बसलो. अर्धा तास काही नाही. बाई शांतपणे चष्मा पुसत होत्या, पण एकच काच पुन्हा पुन्हा. मग पडद्याच्या तळाशी पहिला ठिपका पेटला. मग दुसरा. मग बघता बघता ठिपक्यांची दाटी झाली, आणि केळं वर वळायला लागलं.

देवस्थळी खुर्ची पुढं ओढून बसले. उठून परत गंधकाचा आकडा बघून आले. मग मात्र बारीक आवाजात त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"एप्रिलमध्ये का नाही येत हे? तेव्हा जंगलाला पालवी फुटते. वास तर तेव्हा जास्त."

"एप्रिलमध्ये कोकणातून धुरकं चढतं. वाफ बाहेरच त्या धुरावर बसून संपत असेल, पिशवीपर्यंत पोचत नसेल," बाई म्हणाल्या. पण म्हणताना जरा थांबल्या. तो प्रश्न त्यांनाही पडलेला होता हे मला माहीत होतं.

"असेल," देवस्थळी म्हणाले. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि उभे राहिले. "सुमित्राबाई, मी बावीस वर्षं तुमच्याशी भांडलो. आज डोळ्यांनी पाहिलं. मी हरलो, आणि तसं अहवालात लिहीन. स्टेशन इथंच राहील." आणि त्यांनी हात पुढं केला.

मला रडूच फुटायचं बाकी होतं. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. त्यांनी हात सोडला नाही. उलट जवळ ओढला, मान खाली घातली, आणि देवस्थळींच्या बोटांचा वास घेतला.

देवस्थळी गोंधळून बघत राहिले. मीही. बाई वर बघेनात. परत एकदा वास घेतला, सावकाश, डोळे मिटून.

"झेंडू," त्या म्हणाल्या.

"हार बाजूला केला होता मघाशी," देवस्थळी म्हणाले.

"एवढ्याशा स्पर्शानं अजून येतोय वास," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. चेहरा उतरला होता, पण आवाज रोजचाच. "प्रफुल्ला, पिशवी रिकामी कर. पूर्ण. स्वच्छ हवेनं धुऊन घे. मी हार काढते."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. वास म्हणजे वाफ. गाळणी कण अडवते, वाफ अडवत नाही. आणि जंगल सगळं लांब उभं, हार मात्र थेट पाइपाच्या ओठांवर. गेल्या दसऱ्याला पिशवी नवी, म्हणून मानाचा हार तिला. दिवाळीपर्यंत तो तिथंच सुकत लटकलेला, आणि जसा सुकला तसं केळंही बारीक झालेलं. आणि ऑक्टोबरचं ऊन, धुतलेली हवा, घामेजलेलं जंगल, असं आम्ही केवढं मोठ्या थाटात लिहिलं होतं.

मी बाईंच्या मागोमाग बाहेर धावले. त्या शिडीशी पोचल्या होत्या.

"बाई, उद्या बघू ना," मी कुजबुजले. "ते गेल्यावर. त्यांनी शब्द दिलाय. आधी आपण आपलं तपासू आणि मग सांगू."

"उद्या हार आणखी सुकलेला असेल," बाई म्हणाल्या. "आत्ता ताजा आहे. फरक बघायचा तर आजच बघायला हवा."

"पण स्टेशन जाईल बाई."

"जाईल," त्या म्हणाल्या आणि शिडी चढायला लागल्या. "तू खाली धर."

मी धरली. दुसरं काय करणार होते. परवा ज्या हातांनी गाठ मारली होती त्याच हातांनी त्या ती सोडवत होत्या, आणि मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच क्षणी इतका अभिमान वाटला, की मी शिडी गच्च धरून नुसती त्यांच्या चपलांकडे बघत राहिले. जिंकलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. जिंकल्यावर लगेच, कुणी सांगितलेलं नसताना, आपलीच जीत उलटी करून तपासणारं माणूस मी ते एकच पाहिलं.

हार त्यांनी प्लास्टिकच्या डब्यात बंद करून आतल्या खोलीत ठेवला. हात साबणानं धुतले, देवस्थळींनाही धुवायला लावले. मी पिशवी धुतली आणि त्याच पाइपातून, त्याच वाऱ्यातली हवा परत भरून घेतली. मग आम्ही पडवीत बसून पिठलं-भाकरी खाल्ली. देवस्थळींनी ठेचा परत मागून घेतला.

जेवणं उरकून आत गेलो. पडदा काळा. आणखी एक तास बसलो, तरी काळाच. केळं सोडा, केळ्याचं सालसुद्धा नव्हतं.

बाई उठल्या आणि पायरीवर जाऊन बसल्या. मी शेजारी टेकले. समोर अंजनीची झाडं उन्हात उभी होती, ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य घालवलं ती.

"न्हाई ग," त्या म्हणाल्या. फार लागलं की त्यांची इचलकरंजी बाहेर यायची. "जंगलाचं न्हाई ते. माझ्या हाराचं हाय. दादांचा हार हो, दुसऱ्या कुणाचा न्हाई." मग जरा वेळानं, नेहमीच्या आवाजात, "पेपर मागं घ्यायला हवा. आजच कळवते. छापून झाल्यावर मागं घेणं जास्त वाईट." त्यांचे डोळे भरून आले होते. पदरानं पुसले नाहीत की लपवले नाहीत.

मी नुसता त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. गाइडच्या पाठीवरून कुणी हात फिरवत नाही, पण त्या दिवशी फिरवला.

आतून काठीचा आवाज आला. देवस्थळी दारात येऊन उभे राहिले होते. जेवण झाल्यापासून ते गंधकाच्या यंत्रापुढून हलले नव्हते. मला त्यांनी दोनदा ते शून्यावर तपासून घ्यायला लावलं होतं, आणि मी मनात म्हटलं होतं, आता कशाला छळतोय हा माणूस.

"सुमित्राबाई, हार परत बांधा," ते म्हणाले.

बाईंनी वळून पाहिलं. "आता कशाला? पाहिलंत की सगळं."

"तुमचं बघून झालं. आता माझं बघायचंय."

आम्हाला दोघींनाही कळेना. ते काठी टेकत टेकत खाली आले आणि आमच्याच पायरीवर, जरा अंतर ठेवून, बसले.

"सकाळी पिशवीत कण जन्मले," ते म्हणाले. "की नाही?"

"जन्मले."

"त्या वेळी गंधक किती होतं?"

"शून्य."

"आणि आता गंधक शून्य, हार नाही, तर कण नाहीत. मग सकाळचे कण कशातून जन्मले?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "झेंडूच्या वाफेतून," त्या सावकाश म्हणाल्या.

"नुसत्या?"

"नुसत्या."

"मी बावीस वर्षं काय म्हणत होतो?" देवस्थळी म्हणाले. "नुसत्या वाफेतून कण जन्मत नाही म्हणत होतो. तुम्ही हार काढला नसता तर मी तुमचं जंगलाचं म्हणणं मानून गेलो असतो. ते चुकीचं मानलं असतं. आणि तुम्ही हार काढलात म्हणून माझंही चुकलेलं दिसतंय. तेव्हा तो परत बांधा. एकदा होऊन गेलं म्हणून मी मानणार नाही, परत झालं पाहिजे."

हार बांधायला मात्र ते बाईंना चढू देईनात. काठी माझ्याकडे दिली आणि स्वतःच शिडीवर गेले. मी खाली धरली, बाई सांगत राहिल्या, "अजून वर. तोंडाशी आला पाहिजे, गळ्याशी नव्हे." पिशवी भरली. आम्ही तिघं परत पडद्यापुढं बसलो, आणि ऊन कलायच्या आत केळं आलं. सकाळच्यापेक्षा जरा बारीक, पण आलं.

निघताना देवस्थळींनी खिशातून आपट्याचं पान काढलं. "कालचं आहे," ते म्हणाले, "पण घ्या." बाईंनी घेतलं. "जंगलाचं तुम्ही अजून काही दाखवलेलं नाही," ते गाडीत बसता बसता म्हणाले. "ते मी मानत नाही. पण वाफेला एकटीला जमतं हे कळल्यावर आता झाडांपाशी बसणारं कुणीतरी पाहिजे. स्टेशन राहू दे इथंच. हार मात्र दुसरीकडं घाला."

बाईंनी त्याच दिवशी पेपर मागं घेतल्याचं कळवलं. कारण लिहिताना काही झाकलं नाही, झेंडू, पूजा, पाइपाचं तोंड, सगळं लिहिलं. परदेशात लोक हसले. काही इथलेही हसले. पुढं त्या दोघांनी मिळून झेंडूवरचा लहानसा पेपर लिहिला. तो फार कुणी वाचला नसेल, पण त्यावर दोघांची नावं शेजारी शेजारी आहेत.

बाई निवृत्त होऊन इचलकरंजीला गेल्या. स्टेशन माझ्याकडे आलं. खंडेनवमीची पूजा मी चुकवली नाही, फक्त हार खालच्या फाटकाला घालते, वारा बघून. दर एप्रिलला पिशवी भरायची, बसायचं, काळा पडदा बघायचा. देवस्थळींचं दरवर्षी कार्ड यायचं, "जंगल काय म्हणतं?" आणि मी लिहायची, "अजून काही नाही."

मग एका एप्रिलात, पालवी फुटली होती, अवकाळी सरींनी धुरकं खाली बसवलं होतं, आणि दुपारी पडद्याच्या तळाशी एक ठिपका पेटला. केळं आलं. लहानसं, फिकट, पण आलं. मी पाइप बघितला, गाळणी बघितली, गंधक बघितलं, अंगण हातभर हातभर शोधलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. तिसऱ्या दिवशी परत. मग मी बाईंना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता त्या रडणार.

"मोगऱ्याचे दिवस आहेत," बाई म्हणाल्या. "केसांत गजरा होता का ग तुझ्या?"

"नव्हता बाई," मी म्हणाले. "गजरा सोडा, आठ दिवस मी वासाचा साबणसुद्धा लावलेला नाही. हाताखालच्या पोरी माझ्याजवळ बसेनात."

तेव्हा त्या हसल्या. आणि म्हणाल्या, "मग देवस्थळींना कार्ड टाक. बाकी काही लिहू नको. फक्त लिही, जंगल बोललं."